जुन्या काचेच्या बरण्यांतून मेणबत्तीचे स्टँड: कापाव्यात की तशाच वापराव्यात?

प्रश्न (जुळे सोलापूर)
नमस्कार. घरात लोणच्याच्या, जॅमच्या आणि कॉफीच्या रिकाम्या बरण्या बऱ्याच साठल्या आहेत. शिवाय फुटून उरलेल्या संचातले काही पायाचे ग्लास आणि सासूबाईंच्या वेळची कंदिलाची एक काच आहे. दिवाळीत गच्चीच्या कठड्यावर आणि एरवी लाईट गेल्यावर उपयोगी पडतील असे मेणबत्तीचे स्टँड यांतून करावेत, असा विचार आहे. स्पिरिटमध्ये भिजवलेला दोरा बाटलीभोवती गुंडाळून पेटवायचा आणि बाटली लगेच गार पाण्यात बुडवून कापायची, ही कृती अनेक व्हिडिओंत दाखवतात. ती घरी करण्याजोगी आहे का? आणि अखंड बरणीत मेणबत्ती लावली, तर काच तडकण्याची भीती कितपत खरी आहे?

उत्तर (विजापूर रोड)
ताई, दोऱ्याची कृती सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यामागचे तत्त्व खरे आहे: बाटल्या-बरण्यांची सोडा-लाइम काच उष्णतेने बऱ्यापैकी प्रसरण पावते आणि तापलेला पट्टा एकदम गार झाला की तिथे ताण येऊन ती फुटते. परंतु ती दोऱ्याच्या रेषेतच फुटेल याचा भरवसा नसतो, आणि फुटली तरी धारदार कड पाण्याचा पॉलिश पेपर घेऊन, ओली ठेवूनच घासत बसावी लागते. कोरडी घासल्यास काचेची धूळ श्वासात जाते. बरणीचे तोंड मुळातच गुळगुळीत असताना हा खटाटोप कशासाठी?

तडकण्याची भीती मात्र खरी आहे. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रांची बोरोसिलिकेट काच सोडा-लाइमच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून ती आच सोसते. बरणीकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही. मेणबत्ती संपत येऊन ज्योत तळाला टेकते तेव्हा, किंवा वाऱ्याने ती कलून एकच बाजू तापते तेव्हा तडा जातो. लाईट आल्याबरोबर पंखा सुरू होतो आणि मेणबत्ती विझवायचे कोणाच्याच लक्षात राहत नाही, हे तर घरोघरचे आहे.

उत्तर (होटगी रोड)
वरील मताशी सहमत आहे. प्रत्यक्ष करताना आधी लेबल काढावे: बरणी कोमट पाण्यात ठेवून कागद सोलावा आणि उरलेल्या चिकट थरावर खोबरेल तेल व खायचा सोडा कालवून चोळावा. नंतर तळाशी दोन बोटे जाडीचा वाळूचा थर द्यावा. वाळू चाळलेली आणि उन्हात खडखडीत वाळवलेली हवी. ओलसर वाळूची वाफ धरून काच आतून धुरकट होते. मेणबत्ती वाळूत मधोमध रोवावी आणि वाळूच्या वर बोटभर उरली की विझवावी. हाताचा पंजा सहज आत जाईल एवढ्या रुंद तोंडाच्याच बरण्या निवडाव्यात. अरुंद तोंडाच्या उंच बरणीत हवा पुरत नाही, ज्योत फडफडते आणि काजळी धरते.

तुमच्याकडची सर्वांत मोलाची वस्तू कंदिलाची काच आहे, कारण ती मुळात ज्योतीभोवती बसवण्यासाठीच घडवलेली असते. ती ताटलीवर सपाट टेकवू नका. कंदिलात हवा खालून, बर्नरच्या छिद्रांतून येते. म्हणून फरशीचे तीन लहान तुकडे ठेवून त्यांवर काच उभी करावी आणि मधे मेणबत्ती लावावी. पायाचे ग्लास उपडे करून त्यांच्या तळव्यावर ॲल्युमिनियमच्या वाटीतली टी-लाइट ठेवता येते, मात्र घरातच. कठड्यावर वाऱ्याने ते कलंडतील.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. कापण्याचा बेत रद्द केला आहे. शेजारच्या काकांकडे चादरीच्या मागावरचे रंगीत सूत उरलेले असते. ते बरणीला गुंडाळले तर चालेल का?

उत्तर (होटगी रोड)
शोभून दिसेल, पण सूत पेट घेते. त्यामुळे ते फक्त बाहेरून आणि वाळूच्या पातळीच्या खालीच गुंडाळावे, टोके डिंकाने पक्की करावीत, म्हणजे सुटून वर लोंबणार नाहीत. बरणीच्या आतून कसलाही रंग देऊ नये. काचेवर सांडलेले मेण गरम पाण्याने मोरीत सोडू नका, पाइपात गोठून बसते. रिकामी बरणी थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवली की मेण आकसते आणि ते सुरीच्या पाठीने सुटे होते. बरणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय मात्र तिच्यात पुन्हा मेणबत्ती लावू नये.

उत्तर (बाळे)
एक भर घालतो. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीतल्या लांब मेणबत्त्या कपाटातच वाकतात. उन्हाळ्यासाठी वाटीतल्या टी-लाइट घ्याव्यात. मेण मऊ पडले तरी वाटीत राहते, आणि बरणीत ठेवताना वाळूवर नुसती टेकवली की पुरते.