मदत हवी आहे : प्रोपोफॉल, मानवी धमनी आणि पोटॅशियम चॅनेल

जळगावात फार्माकॉलॉजीत एमडी करतोय. प्रोपोफॉल (भूल देण्याचं औषध) पोटॅशियम चॅनेलमार्फत धमनी सैलावतं का, हे प्रबंधासाठी बघतोय. त्यासाठी शस्त्रक्रियेत काढलेल्या ओमेंटममधल्या (पोटातल्या चरबीच्या पडद्यातल्या) धमनीच्या रिंग्ज ऑर्गन बाथमध्ये (ताण मोजायच्या द्रवपात्रात) लावतो. रुग्णांची संमती, एथिक्सची मंजुरी आहे. तापमान ३७ अंश (मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते, बाथ गरम नाही, थंड ठेवावा लागतो!).

फेनिलेफ्रिनने आकुंचन पावलेली रिंग प्रोपोफॉलने छान सैलावते. नुसत्या इंट्रालिपिडने (प्रोपोफॉल ज्यात मिसळलेलं असतं त्या स्निग्ध द्रावणाने) नाही, तपासलंय. एंडोथेलियम (धमनीचं आतलं अस्तर) खरवडून काढलं तरी सैलावतेच. केएटीपी (एटीपी-संवेदनशील पोटॅशियम) चॅनेल बंद करणाऱ्या ग्लिबेनक्लामाइडने काही फरक नाही, त्यामुळे ते चॅनेल मी बाजूला ठेवलंय. १ मिलिमोलर टीईए (टेट्राइथिलअमोनियम, पोटॅशियम चॅनेल बंद करणारं) घातलं की परिणाम कमी होतो, पण टीईए स्वतःच ताण वाढवतं, तिथेच घोळ आहे. शिवाय ६० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडवरही रिंग थोडी सैलावते. बाहेर इतकं पोटॅशियम असताना पोटॅशियम चॅनेल उघडून फारसं साधत नाही, म्हणून कॅल्शियम चॅनेलचाही संशय आहे.

आयबेरियोटॉक्सिन (एकाच प्रकारचं पोटॅशियम चॅनेल बंद करणारं विष) बजेटबाहेर, पॅच क्लॅम्प (चॅनेलमधला विद्युतप्रवाह मोजायचं तंत्र) नाही, एका रुग्णामागे जेमतेम तीन-चार रिंग्ज मिळतात. मग टीईएच्या रिंगला फेनिलेफ्रिन कमी देऊन सुरुवातीचा ताण कंट्रोलइतका जुळवायचा, की डोस तोच ठेवून सैलावण्याची टक्केवारी काढायची?