मदत हवी आहे : मोठ्या मशिदीची रोजची व्यवस्था

नमस्कार मंडळी. वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाचा माझा प्रकल्प मोठ्या आधुनिक मशिदीवर आहे. अबू धाबीच्या शेख झायेद मशिदीचा अभ्यास करतेय: ८२ घुमट, सुमारे ४०,००० लोकांची सोय. बांधकाम बऱ्यापैकी कळलं, अडलंय ते व्यवस्थापनात. जुम्म्याला (शुक्रवारच्या नमाजाला) हजारो लोक, एरवीच्या नमाजाला मोजकेच. मग रोज अख्खं सभागृह थंड ठेवायचं, की बाजूला छोटं दालन काढायचं? मला दालनच पटतं. आणि घुमटाखाली आवाज घुमतो, तरी शेवटच्या रांगेपर्यंत खुतबा (इमामांचं प्रवचन) स्पष्ट पोचायलाच हवा. लाउडस्पीकर कुठे, किती उंचीवर बसवतात? वजूचं (नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्याचं) पाणी पुन्हा वापरण्याची सोय कुणी जवळून पाहिली आहे का? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.