झेवियर्स हायस्कूलचा इतिहास: जर्मन पाद्री गेले कधी?

प्रश्न: मुंबईच्या सेंट झेवियर्स हायस्कूलच्या इतिहासावर लिहितोय. शाळा आणि कॉलेज दोन्हींचं स्थापनावर्ष 1869 मिळतं. हा घोळ आहे का? आणि जर्मन पाद्री एकाएकी कुठे गेले?

उत्तर 1: घोळ नाही, वर्ष एकच आहे. तेव्हा मुंबई मिशन, म्हणजे इथलं कॅथलिक धर्मकार्य, जर्मन जेझुइटांकडे (जेझुइट म्हणजे कॅथलिक पाद्रींचा एक संघ) होतं. 1872 मध्ये चान्सलर बिस्मार्कच्या काळात जर्मनीतून जेझुइटांना हद्दपार केलं, त्यामुळे तिथले विद्वान परदेशातल्या कामासाठी मोकळे झाले. 1914 ला महायुद्ध पेटलं आणि तेच लोक ब्रिटिशांच्या लेखी शत्रू ठरले. अनेकांना अहमदनगरच्या छावणीत ठेवलं, पुढे मायदेशी धाडलं. युद्धानंतर स्पॅनिश जेझुइट आले. म्हणून त्या काळातली नावं वाचताना वर्ष आधी बघा.

उत्तर 2: इतिहासासाठी शाळेचे जुने विद्यार्थी शोधायचे तर शाळेचं जनरल रजिस्टर मागा, त्यात दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख असते. मॅट्रिक पास झाल्याची खात्री मात्र मुंबई विद्यापीठाच्या जुन्या कॅलेंडरांत (विद्यापीठाच्या वार्षिक माहितीपुस्तकांत) करा, कारण तेव्हा ती परीक्षा विद्यापीठच घ्यायचं. आडनाव एकाच स्पेलिंगने शोधलंत तर निम्मे हातचे जातील. डिसोझा, डिसूझा, डी सौझा, सगळं बघा.