मेट्रो निओ राहू द्या, आधी कॉलेज रोडवर बसला वाट द्या

गंगापूररोडकर: २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या २,०९२ कोटींच्या मेट्रो निओचा, म्हणजे रबरी टायरवर धावणाऱ्या मेट्रोचा, गाजावाजा झाला. पुढे काय झालं ते दिसतंच आहे. त्याच वर्षी ८ जुलैला महापालिकेची सिटीलिंक बससेवा सुरू झाली, ती निदान धावते तरी. पण संध्याकाळी कॉलेज रोडला जाऊन बघा. कडेला कारची रांग, तिच्याबाहेर तिरक्या लावलेल्या स्कूट्या. बस थांब्याला लागतच नाही, मधोमध उभी राहते. आजीबाई दोन बंपरांच्या फटीतून पिशवी उंच धरून चढतात आणि मागचे हॉर्न बडवतात. मुख्य रस्त्यांवरचं फुकट पार्किंग बंद करा.

दुकानवाला: म्हणजे गिऱ्हाईक गेलं सिटी सेंटर मॉलला. भाडं तुम्ही भरणार?

गंगापूररोडकर: दुकानासमोर सकाळपासून हलत नाही ती गाडी गिऱ्हाइकाची असते की शेठची?

अंबडचा फिटर: तुम्हा लोकांना कारच दिसते. नाशिकची बस हरते ती दुचाकीशी. माझी सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा गेटबाहेर काळं कुत्रं नसतं, बस कुठली? बायकोला घेऊन निघालो की दोन तिकिटांपेक्षा पेट्रोल स्वस्त. पार्किंगला पैसे लावाल तर भुर्दंड माझ्यासारख्यालाच.

हिशेबी: फिटरभाऊ, तुमची बस का येत नाही ते सांगतो. ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर, बस भरलेली असो की रिकामी. तिकिटाचा गल्ला महापालिकेचा. म्हणजे रिकाम्या फेरीचा सगळा तोटा तिच्या अंगावर. मग रात्रीची फेरी वाढवायला कोण धजावेल? वर पगार थकले म्हणून कर्मचाऱ्यांनी काम बंद केल्याच्या बातम्या अधूनमधून असतातच. एकदा ऐन सकाळी बस बुडाली की माणूस हप्त्यावर गाडी काढून मोकळा. उड्डाणपुलाला मात्र कोणी विचारत नाही, बाबा, वर्षाला किती कमावलेस?

नाशिकरोडची: त्यापेक्षा शेअर रिक्षा बरी. चौथा ड्रायव्हरच्या मांडीवर, पण हात केला की थांबते. द्वारका चौकात अडकायचं ते दोघांनाही.

अंबडचा फिटर: बरं, लावा पार्किंगला पैसे. पण आधी रात्रीची बस सोडा, मग पावती फाडा.

गंगापूररोडकर: पावतीआधी बसला पैसे आणायचे कुठून?

अंबडचा फिटर: २०१५च्या सिंहस्थात गाड्या शहराबाहेर अडवून एसटीने माणसं आत आणली. तेव्हा कुठून आणले होते?