राजकोषीय तूट वाढली की चालू खात्यावरील तूटही वाढतेच का?

प्रश्न (अर्थशास्त्राची शिक्षिका, सांगली):
मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. सरकारची राजकोषीय तूट (कर्जाखेरीजच्या उत्पन्नापेक्षा जास्त झालेला खर्च) वाढली की देशाच्या चालू खात्यावरील तूटही (आयात वगैरेसाठी परदेशाला दिलेली रक्कम तिथून मिळालेल्या रकमेपेक्षा जितकी जास्त तेवढी) वाढते, हे जुळ्या तुटींचे विधान मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले आहे आणि त्याखाली १९९०-९१ व २०१२-१३ ही दोन उदाहरणे देत आले आहे. परवा एका विद्यार्थिनीने विचारले की, २०२०-२१ मध्ये केंद्राची राजकोषीय तूट जीडीपीच्या ९.२ टक्क्यांवर गेली असताना चालू खात्यावर ०.९ टक्के शिल्लक कशी राहिली? ‘कोविडमुळे’ एवढेच मला सांगता आले. ते तिला पटले नाही आणि नंतर विचार करता मलाही पटले नाही. मूळ विधानच चुकीचे आहे, की ते वर्ष अपवाद मानायचे?

पहिले उत्तर:
ताई, ते वर्ष अपवाद मानू नका. विधानातून जे गाळले जाते ते परत आणले की तेच वर्ष सर्वांत चांगले उदाहरण ठरते. राष्ट्रीय हिशेबात चालू खात्यावरील शिल्लक म्हणजे देशाची एकूण बचत वजा देशातील एकूण गुंतवणूक. तिची सरकारी आणि खासगी अशी फोड केली की एका बाजूला सरकारची तूट येते आणि दुसऱ्या बाजूला खासगी बचतीतून खासगी गुंतवणूक वजा जाता उरलेली रक्कम येते. सरकारने जास्त कर्ज काढले, पण त्याच काळात कुटुंबांनी तेवढीच जास्त बचत केली किंवा कंपन्यांनी गुंतवणूक तेवढी आखडती घेतली, तर परदेशातून काहीच आणावे लागत नाही. फळ्यावरच्या विधानात ही खासगी बाजू स्थिर धरलेली असते, आणि प्रत्यक्षात ती क्वचितच स्थिर राहते.

२०२०-२१ मध्ये नेमके हेच घडले. बाजारपेठा, प्रवास, लग्नसमारंभ सगळेच थांबले होते. ज्यांचे पगार चालू होते त्यांना खर्च करायला जागा नव्हती आणि ज्यांचे उत्पन्न अनिश्चित झाले होते ते धास्तीने हात आखडून होते. कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत (ठेवी, विमा वगैरेंतून कर्जे वजा जाता उरलेली) त्याआधी जीडीपीच्या सात-आठ टक्क्यांच्या आसपास असे, ती अकरा टक्क्यांच्या वर गेली. नवी यंत्रसामग्री घेण्याचे बेत कारखान्यांनी पुढे ढकलले, कच्चे तेल स्वस्त झाले आणि वस्तूंची आयात आदल्या वर्षीच्या सुमारे ४७४ अब्ज डॉलरवरून ३९४ अब्ज डॉलरवर उतरली. लोकांचा न खर्चलेला पैसा बँकांत साचला आणि बँकांनी त्यातून सरकारी रोखे घेतले. सरकारची तूट मोठी होती हे खरेच, पण ती घरच्या घरी भागली. ‘कोविडमुळे’ हे आपले उत्तर चूक नव्हते. फक्त कोविडने या हिशेबातील कोणत्या बाजूवर परिणाम केला, तेवढे सांगायचे राहिले होते.

दुसरे उत्तर:
२०१२-१३ च्या उदाहरणालाही एक पुरवणी जोडावी असे मला वाटते. त्या काळात मी मुंबईत झवेरी बाजारातील एका पेढीवर हिशेब पाहत असे. मुदत ठेवीवर नऊ टक्के व्याज आणि महागाई दहाच्या घरात, अशी स्थिती होती. ठेव मोडून त्या रकमेची सोन्याची वेढणी (साधी वळी) आणि नाणी नेणारी निवृत्त जोडपी मी रोज पाहिली. दागिना नको, घडणावळ वाया जाते, असे ते आधीच बजावत. त्यांच्या दृष्टीने ती बचतच होती. देशाच्या हिशेबात मात्र ती आयात होती. त्या वर्षी सोन्याची आयात जवळपास ५४ अब्ज डॉलरची झाली आणि चालू खात्यावरील तूट ८८ अब्ज डॉलरची, म्हणजे जीडीपीच्या ४.८ टक्के होती. सरकारी तुटीचा यात हात होता, असे मी मानतो. पण तो महागाईच्या वाटेने आला: ठेवीवरचे व्याज तिला पुरेना, म्हणून लोक सोन्याकडे वळले.

पुढे ऑगस्ट २०१३ पर्यंत सोन्यावरील आयात शुल्क दहा टक्क्यांवर नेण्यात आले आणि आयात केलेल्या सोन्यापैकी वीस टक्के निर्यातीसाठी राखण्याची अट आली. २०१३-१४ मध्ये चालू खात्यावरील तूट १.७ टक्क्यांवर उतरली, मात्र राजकोषीय तूट त्या मानाने फारच थोडी कमी झाली. अर्थात चोरट्या मार्गाने आलेले सोने या आकड्यांत धरलेले नसते, त्यामुळे ती सगळी घट खरी मानू नये.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. मग दोन्ही तुटी खरोखरच बरोबरीने वाढल्या असतील, तेव्हा तरी एकीला दुसरीचे कारण म्हणता येते का?

तिसरे उत्तर:
नेहमी नाही, कारण पुष्कळदा दोघींचे मूळ तिसरीकडेच असते. २०१२ मध्ये कच्चे तेल पिंपामागे शंभर डॉलरच्या वर होते आणि पंपावरचा डिझेलचा दर सरकारने रोखून धरला होता. दरातला फरक अनुदानातून भरल्याने राजकोषीय तूट वाढली. दर न वाढल्याने ट्रकवाल्याने किंवा शेतावरच्या इंजिनाने डिझेल कमी जाळले नाही, म्हणून तेलाच्या आयातीचे बिलही फुगले. जानेवारी २०१३ पासून डिझेलचे दर दरमहा थोडे थोडे वाढवण्याची मुभा मिळाली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये ते नियंत्रणमुक्त झाले. १९९०-९१ मध्येही केंद्राची तूट आधीपासून मोठी होती. पण कुवेतवरील आक्रमणाने तेल महागले, तिथले आपले कामगार परतले आणि त्यांनी पाठवायचे पैसेही थांबले.

उलट दिशेचे उदाहरण हवे असेल तर अमेरिका घ्या. १९८० च्या दशकात करकपातीनंतर तिथे दोन्ही तुटी एकदम वाढल्या आणि जुळ्या तुटींची चर्चा तेव्हाच गाजली. १९९८ ते २००१ या काळात मात्र अमेरिकी सरकारच्या अंदाजपत्रकात शिल्लक होती, तरीही चालू खात्यावरील तूट वाढून २००० मध्ये जीडीपीच्या सुमारे चार टक्क्यांवर पोचली. तंत्रज्ञान कंपन्यांच्या लाटेत खासगी गुंतवणूक खासगी बचतीच्या कितीतरी पुढे निघून गेली होती, आणि ते अंतर परदेशी पैशाने भरून निघाले.