प्रति: पाचवीत मुलं मागे का पडतात?

'हायस्कूलवाले पाचवीला पुन्हा बाराखडीपासून सुरू करतात' ही तक्रार रास्त आहे, पण चौथीनंतर मूल प्राथमिक शाळेतून हायस्कूलला जाताना शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत फक्त श्रेण्या गेल्या तर दुसरं काय होणार? 'ब' श्रेणीवरून मूल हातच्याच्या वजाबाकीत अडलंय की जोडाक्षरांत, हे कळत नाही. चौथीच्या वर्गशिक्षकांनी एप्रिलमध्येच प्रत्येक मुलामागे दोन ओळी लिहाव्यात: वाचन कुठवर, गणित कुठे अडतं. सुट्टीआधी पाचवीच्या शिक्षकांनी चौथीच्या वर्गावर एक तास घ्यावा.

आधार, दाखला आणि यू-डायसवरचं (शाळा व विद्यार्थ्यांच्या नोंदींची सरकारी ऑनलाइन प्रणाली) नाव तेव्हाच जुळवा. स्पेलिंगच्या फरकाने नोंद अडकते आणि जूनमध्ये दोन्ही शाळा एकमेकींकडे बोट दाखवतात. दाखल्याला उशीर झाला तरी प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायदा (आरटीई) २००९, कलम ५.