जुना सीझन अर्काइव्ह करायचा की तसाच सोडायचा? आमचा गेल्या वर्षीचा विजेताच बदलला राव

घणसोलीचा_स्कोअरर:
नमस्कार मंडळी. घणसोलीत आमची आठ टीमची कबड्डी लीग आहे, फिक्श्चर, स्कोअर, टेबल सगळं एका ॲपवर आणि ते ॲप माझ्या गळ्यात, कारण मीटिंगला मी उशिरा पोचलो तोवर माझं नाव टाकून मोकळे झाले होते. आमच्यात फायनल नसते, सात मॅचनंतर टेबलात जो वर तो विजेता. गेल्या वर्षी प्रो कबड्डीचे जुने पॉइंट लावलेले, जिंकलं की ५, बरोबरीला ३, आणि ७ किंवा कमी फरकाने हरलात तर १. २०२५ ला बाराव्या सीझनपासून त्यांनीच जिंकायचे २ आणि हरलं की भोपळा असं केलं, म्हणून यंदा आमच्या कमिटीलाही तेच पाहिजे. मी रात्री सेटिंगमध्ये ५ चे २ आणि हरल्याच्या १ चा भोपळा केला, सेव्ह केलं, झोपलो.

सकाळी ग्रुपवर शंभरच्या वर मेसेज. पहिल्या दोन टीम गेल्या वर्षी ५ जिंकून २ हरलेल्या, पण विजेते दोन्ही वेळा थोडक्यात हरले म्हणून त्यांचे २७ आणि दुसऱ्यांचे २५. नवीन हिशोबात दोघांचे १०-१० झाले आणि स्कोअरच्या फरकावर दुसरे वर सरकले. त्यांच्या मॅनेजरने स्क्रीनशॉट टाकून खाली फक्त ट्रॉफीचा इमोजी.

सध्या परत जुनेच पॉइंट करून ठेवलेत. कोणी म्हणतं सीझन अर्काइव्ह कर, कोणी म्हणतं डिलीटच कर ना. अर्काइव्ह केला तर पोरांचे एकूण रेड पॉइंट जातात का? आणि नंतर उघडता येतो का?

टर्फवाला_ठाणे:
डिलीट चुकूनही करू नकोस भावा. सीझन उडवला की त्यातल्या मॅच उडतात आणि पोरांची बेरीज त्या मॅचवरूनच होते, मग गेल्या वर्षी खेळायला लागलेला रेडर यंदा पहिल्यांदाच उतरलाय असं दिसेल.

तुझा घोळ वेगळा आहे. टेबल कुठे सेव्ह झालेलं नसतं, पान उघडलं की ॲप मॅचचे निकाल घेतं आणि आत्ताच्या नियमाने पुन्हा बेरीज मारतं. तू पॉइंट बदललेस ते अख्ख्या लीगचे, एका सीझनचे नाही. आता अर्काइव्ह म्हणजे काय हे प्रत्येक ॲपमध्ये वेगळं असतं, काहींमध्ये खरंच कुलूप लागतं, काहींमध्ये सीझन फक्त यादीतून गायब होतो आणि आत हिशोब चालूच. बटण दाबून विश्वास ठेवू नको. दोन खोट्या टीमचा एक सीझन बनव, एक मॅच टाक, अर्काइव्ह कर, मग पॉइंट बदलून बघ टेबल हलतं का. पाच मिनिटांचं काम आहे. आमची घोडबंदर रोडला अंडरआर्म क्रिकेटची लीग आहे, तिथे ओव्हर ८ च्या ६ केल्या आणि जुने सगळे रनरेट वेडेवाकडे झाले, तेव्हापासून मी ही टेस्ट आधी करतो.

खारघरची_कोचताई:
वरचं सगळं बरोबर, पण अर्काइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे हो. ॲपचे पैसे भरायचे थांबलात किंवा ॲपच बंद पडलं तर अर्काइव्हही त्याच्याबरोबर जातं. आधी टेबल, निकाल आणि खेळाडूंची यादी बाहेर काढा. बाहेर काढलेल्या सीएसव्ही फाइलवर (साध्या मजकुरातला तक्ता) डबल क्लिक करून उघडू नका, मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं येतात आणि लोक समजतात डेटाच गेला. रिकामी एक्सेल शीट उघडून इम्पोर्टमधून यूटीएफ-८ (मराठी अक्षरं नीट वाचणारा पर्याय) निवडा, मोबाइल नंबरचा कॉलम टेक्स्ट ठेवा, नाहीतर ९१ लावलेल्या नंबराच्या जागी ९.१९८२ई+११ असलं काहीतरी बसतं आणि तसंच सेव्ह केलं की खरा नंबर गेला तो गेलाच. टेबलाची पीडीएफ वेगळी काढा, ती कोणाच्या सेटिंगने बदलत नाही.

अजून एक. आमची मुलांची फुटबॉल लीग आहे, वयासाठी जन्मदाखले आणि आधारच्या कॉप्या घेतो. सीझन संपल्यावर त्या सगळ्या तशाच अर्काइव्हमध्ये पडून होत्या, पासवर्ड पाच जणांकडे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ च्या खालचा प्रत्येक जण मूल धरलाय आणि पालकांची संमती लागते. स्कोअर ठेवा जन्मभर, कागद वय तपासून झालं की काढून टाका.

जुना_पंच:
मॅच संपल्यावर दोन्ही कॅप्टनच्या सह्या घेतलेलं स्कोअरशीट कुठंय? ते असेल तर ॲप काय का दाखवेना. नसेल तर चूक ॲपची नाही.

घणसोलीचा_स्कोअरर:
काका, शीट आहेत, मंडळाच्या कपाटात, चावी खजिनदाराकडे आणि तो गावाला.

अपडेट देतो. टर्फवाला दादा म्हणाला तसा खोटा सीझन केला, तर आमच्या ॲपमध्ये अर्काइव्ह म्हणजे नुसतं लपवणं निघालं, टेबल हललंच. पण सीझनच्या आत पार खाली ‘या सीझनचे वेगळे नियम’ असा एक चेकबॉक्स सापडला, तिथे ५-३-१ टाकून टिक केलं आणि मग लीगचे २ केले. आता दोन्ही आपापल्या जागी आहेत.

त्यानंतर अर्काइव्ह करायला गेलो तर ‘एक मॅच बाकी’ म्हणून अडलं. शोधल्यावर आठवलं, बेलापूरची टीम आलीच नव्हती, वॉकओव्हर सगळ्यांनी तोंडी मान्य केलेला आणि टेबलात पॉइंट हाताने वाढवलेले, मॅच मात्र वर्षभर ‘लवकरच’ म्हणून बसलेली. आणि एकच पोरगा तीन स्पेलिंगने तीन वेळा, ते आधी एकत्र केले कारण अर्काइव्ह झाल्यावर ते बटणच दिसत नाही. ताई, पीडीएफ काढून ग्रुपवर पिन केलीय.

मॅनेजर अजून ऐकत नाही. त्याने तो स्क्रीनशॉट डीपीला लावलाय.